खरखर कुणी आवरायची? ट्राम, टेलिफोन आणि आपला रोबो

(कसबा बावडा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आधी एक आवाज ऐकवतो, मग बोलतो. हा टेबलावर जुना ट्रान्झिस्टर आहे. मीडियम वेव्हवर लावलाय, पण कुठल्या स्टेशनवर नाही, दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर. नुसता बारीक सू-सू आवाज येतोय. आता ही पिवळी मोटर. मुलं हिला बीओ मोटर म्हणतात, बाजारात शे-सव्वाशेच्या आत मिळते. चार सेल लावले आणि सुरू केली... ऐकलंत? खर्रर्र. मोटर आणि रेडिओ यांच्यामध्ये एकही तार नाही. मोटर हातभर लांब नेली तर आवाज कमी, जवळ आणली तर जास्त.

पुढच्या रांगेत जे माझ्या वयाचे बसलेत त्यांना हा आवाज नवा नाही. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं आणि आपल्या भागात ते घरोघर लागायचं. गाणं ऐन रंगात आलं की शेजारी कुणीतरी फटफटी सुरू करायचं. पुढे टीव्ही आला. चित्रहार लागला की नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघरात मिक्सर फिरायचा आणि पडद्यावर ठिपक्यांच्या आडव्या रांगा धावायच्या. मग आतल्या खोलीत ओरडायचं, ‘अगं, जरा थांब की!’ आतून उत्तर यायचं, ‘चटणी नको का मग?’ (हशा) हे भांडण हसण्यावारी नेऊ नका. आजचं सगळं व्याख्यान याच भांडणावर आहे. एकाच्या मोटरीने दुसऱ्याचं काम बिघडलं तर आवरायचं कुणी, मोटरवाल्याने की ऐकणाऱ्याने? यावर शंभरेक वर्षांपूर्वी लोक कोर्टात गेलेत, कायदे झालेत. आणि आज हेच भांडण आपल्या मुलांच्या रोबोमध्ये, वीतभर लांबीच्या खोक्यात, पुन्हा सुरू झालंय.

हा विषय मी का घेतला ते सांगतो. बावड्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आजूबाजूला आणखी आहेत, त्यामुळे रोबो करणारी मुलं इथल्या गल्लीबोळांत सापडतात. दोन वर्षांपूर्वी चार मुलांचा एक गट माझ्याकडे आला. कुठले ते सांगत नाही. त्यांनी काळ्या रेषेवरून चालणारा रोबो केला होता. पुढे पाच सेन्सर, आर्डुइनो, एल-२९८चा ड्रायव्हर, दोन मोटरी. रोबो हातात उचलून धरला की चाकं अगदी शहाण्यासारखी फिरायची. फरशीवर ठेवला की सरळ रेषेवर ठीक, पण वळण आलं की वेडा व्हायचा. कधी रेषा सोडायचा, कधी जागच्या जागी गिरकी घ्यायचा, कधी एकदम थांबून पहिल्यापासून सुरू व्हायचा. गटात प्रोग्राम लिहिणारी एक मुलगी होती. तीन रात्री तिने तोच प्रोग्राम उलटासुलटा करून पाहिला. माझ्याकडे आले तेव्हा बाकीच्या तिघांचं ठरलं होतं: प्रोग्राम दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा, हिला पोस्टर करायला द्यायचं. ती गप्प बसली होती. चुकीचा आरोपी पिंजऱ्यात उभा होता, एवढं मला त्यांचं वर्णन ऐकूनच वाटलं. हवेत चालतं, जमिनीवर बिघडतं, म्हणजे ओझं वाढलं की बिघडतं. प्रोग्रामला ओझं कळत नाही. मोटरीला कळतं.

त्या रोबोकडे परत येऊ. आधी ठिणगीकडे जायला पाहिजे.

मोटर फिरते कशी, तर आत तारेची वेटोळी असतात आणि त्यांतली विजेची दिशा सारखी बदलावी लागते. ती बदलायला कॉम्युटेटर, म्हणजे तांब्याच्या फोडी, आणि त्यांवर घासणारे ब्रश. या छोट्या मोटरीत तीन फोडी आणि दोन ब्रश. एका फेरीत सहा वेळा जोड तुटतो आणि जुळतो. गिअरच्या आतली मोटर मिनिटाला दहा हजार फेऱ्या घेते असं धरा, तर सेकंदाला हजारभर वेळा वीज तोडली जाते. आता वेटोळ्यातली वाहती वीज एकदम तोडली की काय होतं? तुम्ही नदीवरच्या पंपाची पाइपलाइन बघितलीय. पाणी जोरात वाहत असताना पुढची झडप आपटून बंद केली की पाइप कसा दणका देतो! वाहत्या पाण्याला थांबायचं नसतं. विजेचंही तसंच. तोडलेल्या जागी दाब वाढतो, सहा व्होल्टची मोटर असली तरी तिथे क्षणभर त्याच्या कितीतरी पट व्होल्ट उभे राहतात, आणि मधली हवा फोडून ठिणगी पडते. लांब तारेचं वेटोळं तोडताना अशी जोरकस ठिणगी पडते, हे अमेरिकेतल्या जोसेफ हेन्रीने १८३२ साली छापून सांगितलं. प्रेरणाच्या एककाला आज आपण ‘हेन्री’ म्हणतो ते त्याच्याच नावावरून.

आणि ठिणगी म्हणजे नुसता उजेड नाही. १८८७-८८च्या सुमारास जर्मनीत हाइन्रिश हर्ट्झने मुद्दाम ठिणग्या पाडल्या आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये तार नसताना, दुसऱ्या एका फटीत बारीक ठिणगी पडताना पाहिली. रेडिओलहरींचा तो पहिला पक्का पुरावा. म्हणजे बघा, जगातलं पहिलं रेडिओचं प्रक्षेपण-यंत्र म्हणजे ठिणगीच. सुरुवातीची सगळी बिनतारी यंत्रं ठिणगीचीच होती. तेव्हा आपल्या मोटरीचे ब्रश वाईट काही करत नाहीत. हर्ट्झने जे मुद्दाम केलं तेच ते सेकंदाला हजार वेळा, न विचारता करतात. एकाची खरखर ही मुळात दुसऱ्याचा संदेश होती.

इथे कोल्हापूरकरांसाठी एक गोष्ट. सगळ्या मोटरी सारख्या गुन्हेगार नाहीत. पंचगंगेच्या काठावर, राजाराम बंधाऱ्याच्या वर-खाली, उसाला पाणी देणाऱ्या ज्या तीन फेजच्या मोटरी आहेत त्यांत ब्रशच नसतात. त्या दिवसभर चालल्या तरी रेडिओला त्रास नाही. स्टार्टर टाकताना-काढताना एकदा ‘खट्’ होतं, तेवढंच. आपलं जुनं ऑइल इंजिनही निर्दोष, कारण डिझेलच्या इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. दोष मिक्सरचा, ड्रिल मशीनचा आणि पेट्रोलच्या फटफटीचा. घोड्याच्या ताकदीच्या मोटरी गरीब आणि खिशात मावणाऱ्या भांडखोर, असा हा प्रकार आहे.

आता कोर्टात जाऊ. टेलिफोन १८८०च्या दशकात जगभर पसरला. मुंबईचं एक्स्चेंज २८ जानेवारी १८८२ रोजी सुरू झालं. त्या काळच्या बऱ्याच टेलिफोन कंपन्या गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत एकच तार न्यायच्या. वीज जायची तारेतून आणि परत यायची जमिनीतून. तारेचा निम्मा खर्च वाचला. जमीन काय, फुकट होती आणि तोवर शांत होती.

१८८८ साली अमेरिकेत रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेगने विजेच्या ट्राम मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवल्या आणि शहराशहरांत त्यांचं पेव फुटलं. ट्रामलाही वर एकच तार. वीज परत यायची रुळांतून, आणि रूळ जमिनीवर पडलेले, त्यामुळे बरीचशी जमिनीतून. झालं! दोघांनी परतीला एकच वाट धरली. ट्राम चढावर जोर करायला लागली की टेलिफोनमध्ये गुणगुण आणि खरखर, बोललेलं ऐकू येईना.

सिनसिनाटीमध्ये टेलिफोन कंपनीने ट्राम कंपनीवर दावा लावला. म्हणणं सरळ होतं: आम्ही आधी आलो, आमचं नीट चाललं होतं, यांनी येऊन बिघडवलं, यांना थांबवा. खालच्या कोर्टांनी ते मान्य केलं. पण १८९१ साली ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. त्यांनी सांगितलं, रस्ता मुख्यतः लोकांच्या येण्याजाण्यासाठी आहे, टेलिफोन नंतर. आणि जमिनीतून वीज परत आणण्याचा मक्ता कुणाचाही नाही. तुम्हाला त्रास होतो ना, तर तुमच्या परतीची तार तुम्ही वेगळी टाका. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये लीड्सच्या ट्रामवर असाच खटला झाला. तिथले न्यायाधीश म्हणाले, जमिनीत वीज सोडणारा तत्त्वतः जबाबदार आहे, पण ट्रामला कायद्याने परवानगी दिलेली आहे, म्हणून ट्राम सुटली. कारणं वेगळी, पण दोन्हीकडे हरला तो टेलिफोनवाला.

मला विचाराल तर ओहायोचा निकाल न्याय म्हणून जरा कडक आहे, पण इंजिनिअरिंग म्हणून फार चांगला आहे. कारण हरल्यामुळे टेलिफोनने जोडतार घेतली, आणि ती घेतल्यावर लक्षात आलं की ट्राम नसती तरी ती घ्यायलाच हवी होती. तिची युक्ती तयारही होती. ग्रॅहॅम बेलने १८८१ सालीच पेटंट घेतलं होतं: जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या. पीळ दिल्यावर बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि एका वेढ्यातला दुसऱ्या वेढ्यात वजा होतो. वेणी घातल्यासारखं. आज इंटरनेटची केबल सोलून बघा, आत त्याच वेण्या आहेत.

आपल्याकडे मुंबईत विजेची ट्राम आली ७ मे १९०७ला, विजेची रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ला, बोरीबंदर ते कुर्ला. तोवर हा वाद बाहेर होऊन गेला होता. आणि गंमत बघा, १९१०च्या भारतीय वीज कायद्याने ओझं उलट्या खांद्यावर टाकलं. वीज पुरवणाऱ्याने आपल्या तारा अशा टाकाव्यात की प्रेरणाने किंवा इतर कशाने तारायंत्राच्या, टेलिफोनच्या तारांना अपाय होणार नाही. म्हणजे मोटरवाल्याने आवरायचं. एवढी माया कशी काय, तर तारायंत्र सरकारचं होतं! (हशा) ब्रिटिश हद्दीतली गोष्ट आहे ही, आपण तेव्हा संस्थानात होतो.

मग २३ जुलै १९२७ला मुंबईहून रीतसर नभोवाणी सुरू झाली. रेडिओने सगळं प्रकरणच बदललं. टेलिफोनवाल्याला सांगता येत होतं, बाबा, तुझी तार वेगळी टाक. रेडिओच्या श्रोत्याला काय सांगणार, तुझी हवा वेगळी घे? खरखर आवरायची तर ती उगमाशीच आवरायला हवी, हे युरोपात पटायला लागलं. १९३४ साली पॅरिसमध्ये वेगवेगळ्या देशांचे लोक एकत्र बसले आणि रेडिओतल्या व्यत्ययासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती सुरू झाली. तिचं फ्रेंच नावावरून झालेलं छोटं नाव सिस्प्र. कुठल्या यंत्राने किती खरखर केली तर चालेल आणि ती मोजायची कशी, हे ती समिती अजून ठरवते. चांगल्या मिक्सरच्या आत मोटरीशेजारी जो एक कपॅसिटर सापडतो, तो त्या विचाराचा वंशज आहे. त्याच सुमारास, १९३३ साली, अमेरिकेत आर्मस्ट्राँगने एफएमची पेटंटं मिळवली. त्याने दुसरं टोक धरलं: खरखर मुख्यतः लाटेची उंची बिघडवते ना, मग मी माझा संदेश उंचीत ठेवतच नाही. आता कळलं, मिक्सर लावल्यावर टीव्हीचं चित्र बिघडायचं पण आवाज त्या मानाने बरा का राहायचा? आपल्या दूरदर्शनचं चित्र लाटेच्या उंचीत होतं आणि आवाज एफएममध्ये होता.

आणखी एक माणूस राहिला, आणि रोबोवाल्यांनी त्याला विसरू नये. निकोला टेस्ला. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने पाण्याच्या टाकीत एक होडी चालवून दाखवली, बिनतारी. लोकांना वाटलं आत माकड बसवलंय किंवा जादू आहे. त्या होडीत बॅटरी होती, चालवायची मोटर होती, सुकाणूची मोटर होती, आणि संदेश पकडायला कोहिअरर होता. कोहिअरर म्हणजे लोहाच्या किसासारखा किस भरलेली नळी. जवळपास कुठेही ठिणगी पडली की किसाचे कण चिकटून वीज जाऊ देतात, मग पुन्हा नळी हलवून मोकळे करायचे. त्याला ठिणगी कुणाची, मालकाची की मोटरीची, हे कळण्याचा काही मार्ग नाही. आणि बसवलाय कुठे, तर मोटरींच्या शेजारी. तोवर मोटर एका घरात आणि ऐकणारा दुसऱ्या घरात असायचा. टेस्लाने दोघांना एका होडीत बसवलं. खऱ्या अर्थाने. इथपासून वादी आणि प्रतिवादी एकाच छपराखाली आले, आणि दावा लावायला कुणी उरलं नाही.

आता आपल्या रोबोकडे या. मी काही फार केलं नाही. एक मल्टिमीटर घेतला. एक काडी बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी आर्डुइनोच्या ग्राउंडवर. दोन्ही एकच तार, त्यामुळे मीटरने शून्य दाखवायला हवं. चाकं हवेत, तर जवळजवळ शून्यच. मग मुलांना म्हटलं, हाताने चाक दाबून धरा. मीटर ०.४ व्होल्टवर गेला. तिघं माझ्याकडे बघायला लागले. ती मुलगी मीटरकडेच बघत होती.

काय झालं होतं? बॅटरीच्या ऋण टोकापासून एकच बारीक काळी तार आर्डुइनोपर्यंत आली होती, आणि तिथून पुढे ड्रायव्हरला. म्हणजे मोटरींची सगळी वीज परत जाताना आर्डुइनोच्या ग्राउंडमधून जात होती. ब्रेडबोर्डची खोबण आणि बारीक तार मिळून ०.२ ओहम धरा. मोटरी अडकल्या की २ अँपिअर ओढतात. गुणाकार करा, ०.४ व्होल्ट. आता आर्डुइनो ज्याला शून्य समजतोय ते शून्य ०.४ने वर उचललं गेलंय. त्यांचे सेन्सर वेगळ्या तारेने थेट बॅटरीशी जोडलेले होते, त्यांचं शून्य जागेवर. आर्डुइनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करून वाचतो, म्हणजे ०.४ व्होल्ट म्हणजे ८० भागांची चूक. पांढरं कुठलं आणि काळं कुठलं हे ठरवायची त्यांची रेघ होती तिच्या अलीकडे-पलीकडे साठ-सत्तरच्या अंतरावर. वळणावर मोटर जोर करायची, पांढरं काळं व्हायचं, रोबो गिरकी घ्यायचा. प्रोग्राम बिचारा जे दिसतंय त्याप्रमाणे बरोबर वागत होता.

हे सिनसिनाटीच आहे की नाही? ट्राम चढावर जोर करते आणि टेलिफोनमध्ये खरखर. परतीची वाट दोघांनी एकच धरलीय. आणि उपायही कोर्टाने सांगितला तोच: परतीची तार वेगळी. ड्रायव्हरची काळी तार सरळ बॅटरीच्या टोकाला, चांगली जाड. आर्डुइनोची आणि सेन्सरांची वेगळी, त्याच टोकाला. ग्राउंड एक असावं, पण ते एका ठिकाणी भेटावं, रस्त्यात नाही. डाग देऊन दहा मिनिटांत झालं. रोबोने वळण घेतलं. कुणी कुणाची माफी वगैरे मागितली नाही, त्या वयात मागत नाहीत. पण पोस्टर तिला करावं लागलं नाही.

मधेच थांबून पहिल्यापासून सुरू व्हायचा, ते मात्र वेगळं दुखणं होतं. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. दिसायला नऊ व्होल्ट, पण तिच्या पोटातच ओहम-दोन ओहम अडथळा असतो, जुनी झाली की जास्त. त्यातून मोटरींनी अँपिअर-दीड अँपिअर ओढला की दोन-तीन व्होल्ट पोटातच संपतात. पाच व्होल्ट करणाऱ्या ७८०५ला वर साधारण सात व्होल्ट लागतात. ते मिळाले नाहीत की पाचाचेही पाच राहत नाहीत आणि चिप नव्याने जागी होते. मुलं याला ‘हँग झाला’ म्हणतात. ती बॅटरी धुराच्या अलार्मसाठी आहे, ट्राम ओढायला नाही. मोटरींना वेगळे सेल द्या, हे पहिलं.

आता ठिणगीचा बंदोबस्त. ही मोटर बघा, हिच्या दोन टोकांमध्ये मी एक तपकिरी कपॅसिटर लावलाय, त्यावर १०४ लिहिलंय. दहा आणि पुढे चार शून्यं, इतके पिकोफॅरड, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. आणखी दोन, प्रत्येक टोकापासून मोटरीच्या पत्र्याच्या डबीला. ठिणगीची जी वेगवान वीज तारांतून बाहेर पळणार होती तिला इथल्या इथे वळसा मिळतो. रेडिओ लावतो... ऐका. खरखर पूर्ण गेली नाही, पण पहिल्याशी तुलना करा. यात एकच पथ्य आहे: कपॅसिटर मोटरीच्या टोकांवरच हवा. मुलं तो व्यवस्थित दिसावा म्हणून वीतभर लांब, ड्रायव्हरच्या पाटीवर लावतात. मग ती वीतभर तार एरिअल होते आणि खरखर वाटेतच बाहेर पडते. १९३४च्या त्या समितीचं म्हणणं तेच होतं, उगमाशी आवरा. डबीला डाग देताना आधी कानशीने घासा, नाहीतर शिसं धरत नाही, आणि काम पटकन उरका, आत प्लास्टिक आहे.

आणि मोठा कपॅसिटर जास्त चांगला असं समजून कुणी मोटरीवर इलेक्ट्रोलिटिक लावू नका. त्याला धन-ऋण असतं आणि मोटर उलटी फिरवली की धन-ऋण उलटं होतं. माझ्यासमोर एकाचा फुटलाय, दिवाळीसारखा. तो बॅटरी आणि ड्रायव्हरच्या मध्ये लावा, तिथे त्याचं काम आहे. मोटरीच्या दोन तारांना बेलसाहेबांची वेणी घाला, खर्च शून्य. सेन्सरच्या तारा तिच्यापासून लांबून न्या. आणि ते काळं फेराइटचं कडं, जे मॉनिटरच्या केबलवर फुगीर दिसतं, तेही कामाचं आहे. फेराइटचा शोध १९३० साली टोकियोमध्ये काटो आणि ताकेई यांनी लावला, आणि ते बनवायला १९३५ साली जी कंपनी निघाली ती टीडीके. आपल्या पिढीने टीडीकेच्या कॅसेटवर गाणी भरून घेतली, पण कंपनी मूळची फेराइटची.

एक चूक मात्र शिकलेली मुलं हमखास करतात. ऑप्टोकपलर लावतात. त्यात संदेश उजेडाने जातो, तार तुटलेली असते. महागाचा, चांगला उपाय. आणि मग ‘ग्राउंड कॉमन पाहिजे’ असं कुठेतरी वाचलेलं असतं म्हणून दोन्ही बाजूंचे ग्राउंड तारेने जोडून टाकतात. दाराला कुलूप लावायचं आणि खिडकी उघडी ठेवायची!

जाता जाता एक गंमत सांगतो. आपल्याकडची रोबोकॉन स्पर्धा माहीत आहे ना? आशिया-पॅसिफिकमधल्या देशांची ही स्पर्धा २००२ साली टोकियोत पहिल्यांदा झाली. २००८ साली ती पुण्यात झाली तेव्हा विषय होता आपली दहीहंडी. २०१४ला पुन्हा पुण्यात. ही स्पर्धा भरवतं कोण? इंजिनिअरांची संस्था नाही. प्रक्षेपण करणाऱ्यांचा संघ, एबीयू. आपल्याकडे दूरदर्शन. म्हणजे मोटरीच्या खरखरीने ज्यांचं चित्र पन्नास वर्षं बिघडवलं, त्यांनीच पोरांना बोलावून सांगितलं, या, आमच्यासमोर मोटरी चालवा!

प्रश्न आलाय. एका विद्यार्थ्याने विचारलंय, ‘सर, ब्रशलेस मोटर आणि २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट घेतला तर हे सगळं संपेल का?’

ठिणगी संपेल, हे खरं. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या खेळण्यांना जो त्रास व्हायचा तो २.४वर खूप कमी होतो, कारण ब्रशच्या खरखरीचा जोर तिथवर पोचेपर्यंत ओसरतो. पण ब्रशलेस मोटरीत वीज तोडायचं काम संपत नाही, ते फक्त ब्रशकडून ट्रान्झिस्टरकडे जातं. सेकंदाला हजारो वेळा, आणि ब्रशपेक्षा चपळाईने. शिवाय ती मोटर दहा-वीस अँपिअर ओढेल. तुमची काळी तार तीच राहिली तर ०.४च्या जागी ४ व्होल्ट येतील. तुमचा रोबो आणलाय का? नाही? मग पुढच्या रविवारी आणा, मीटर माझ्याकडे आहे. तो ट्रान्झिस्टर कुणीतरी बंद करा आता.